भिडेचे मत

लोकसभेला मत देताना मला कोणाची भीड पडत नाही. तिथला उमेदवार मला ओळखत नाही, मीही त्याला फलकावरच पाहिलेला असतो, त्यामुळे मत देऊन घरी यावे, जेवावे आणि खुशाल आडवे व्हावे. नगरपरिषदेची गोष्ट निराळी. गेल्या वेळी आमच्या प्रभागात उभे असलेल्यांपैकी एक जण शाळेत माझ्याच बाकावर बसत असे, दुसऱ्याच्या दुकानात आमचे किराण्याचे खाते आहे, आणि तिसऱ्याच्या आईने माझ्या बहिणीच्या बाळंतपणात पंधरा दिवस शेकशेगडी सांभाळली होती. हे तिघेही एकाच जागेसाठी उभे. त्यांतल्या एकापुढचे बटण दाबायचे म्हणजे उरलेल्या दोघांच्या घरावरून पुढची पाच वर्षे मान खाली घालून जायचे.

आमचे गाव तीस हजारांच्या आतबाहेर वस्तीचे, सरकारी वर्गवारीत 'क' वर्गात बसणारे. प्रभाग दोन सदस्यांचा असल्यामुळे प्रत्येक मतदाराला तीन मते द्यायची होती : एक थेट नगराध्यक्षाला, आणि प्रभागातल्या 'अ' व 'ब' या जागांना एकेक. कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होते ते असो, आमच्या गावाने या तीन मतांचा उपयोग भीड वाटून देण्यासाठी केला. प्रचाराला येणारा माणूसही फार ताणत नसे. "वरचं तुम्हाला ज्याला द्यायचंय त्याला द्या, खालचं एक तेवढं आमचं राहू द्या," असे तो उंबऱ्यावरूनच सांगे, आणि आपणही चहाला आत बोलावून 'बघू, बघू' म्हणत असू. पाकिटे फिरली नाहीत असे मी म्हणणार नाही. पण ज्या घरांत ती गेली नाहीत, त्या घरांतही मत मोकळ्या मनाने पडले असे मला वाटत नाही.

'अ' जागा स्त्रियांसाठी राखीव होती. महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांना मिळू लागल्याला आता बरीच वर्षे झाली, तरी फलकावरचा मोठा फोटो अजून यजमानांचाच असतो. आमच्याकडे एका उमेदवार बाईंचे यजमान एकटेच पत्रके घेऊन आले आणि सवयीने "काका, यंदा हिला," एवढे बोलून गेले. मग चूक लक्षात येऊन त्यांनी घसा खाकरला आणि "म्हणजे ताईंना," अशी दुरुस्ती केली. स्वतःच्या पत्नीला भरदिवसा ताई म्हणण्याची पाळी माणसावर निवडणुकीशिवाय दुसरे कोण आणील?

2 डिसेंबर 2025 ला सकाळी साडेसातला मतदान सुरू झाले तेव्हा मी रांगेत होतो. माझ्यापुढे गल्लीतल्याच एक आजी होत्या. त्यांनी बोटावर मार्करची रेघ ओढून घेतली, आडोशामागे जाऊन एक बटण दाबले आणि त्या सरळ बाहेर निघाल्या. केंद्रावरच्या बाई म्हणाल्या, "आजी, अजून दोन राहिली." आजी म्हणाल्या, "मला एकच द्यायचं हाय." तिन्ही मते नोंदल्याशिवाय यंत्र शिटी वाजवत नाही आणि पुढच्या माणसाला वाट देत नाही, कोणीच नको असेल तर तळाचे 'नोटा'चे बटण आहे, हेही बाईंनी समजावले. आजी पुन्हा आत गेल्या. बराच वेळ काही ऐकू येईना, मग एकदाची लांब शिटी वाजली. बाहेर येताना त्या पुटपुटल्या, "दोन कुणाला गेली, देवाला ठावं." लोकसभेला काचेमागे दिसते तशी चिठ्ठी या यंत्राला नव्हती, त्यामुळे देवाखेरीज कोणाला ठावे असण्याची सोयही नव्हती.

मी स्वतः कोणाला मत दिले ते इथेही सांगणार नाही. गाव लहान आहे.

या सगळ्याला मी पूर्वी निव्वळ गावंढळपणा समजत असे. मत विचाराने द्यावे, भिडेने देऊ नये, असे तावातावाने बोलतही असे. माझे मत थोडे बदलले ते मधल्या काळात. आमच्याकडची आधीची निवडणूक 2016 ची. त्या सभागृहाची मुदत संपली, आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये निवडणुका घ्यायला सांगेपर्यंत गाव प्रशासकाच्या हाती होते. याच काळात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चेंबरचे झाकण फुटले. कोणीतरी त्यावर एक शहाबादी फरशी आडवी टाकली आणि तीही पुढे मधोमध तडकली. मी अर्ज दिला, पोच घेतली, दोनदा खेटे घातले. टेबलापलीकडचा तरुण अतिशय सभ्य होता. त्याने मला बसायला सांगितले, नोंदवहीत माझा अर्ज शोधून दाखवला आणि तो 'प्रक्रियेत' असल्याचे सांगितले. त्याच्यावर रागावता येईना, कारण तो परगावचा होता आणि सहा महिन्यांत बदलून जाणार होता. पूर्वीचा नगरसेवक कामाचा होता अशातला भाग नाही, पण तो सकाळी दुधाची पिशवी घेऊन याच फरशीवरून जात असे, आणि त्याला चार बायकांदेखत "डोळे फुटलेत का?" असे विचारता येत असे. भीड आम्हालाच असते असे नाही, त्यालाही असते, हे माझ्या ध्यानात आले ते तो नाहीसा झाल्यावर.

अर्थात भिडेने गावे चालतात तशी ती अडूनही राहतात. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर राहिला. सवर्ण शेजाऱ्यापाजाऱ्यांचा रोष पत्करून तो अमलात आणायला कोणी धजले नाही, आणि 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले तेव्हा कुठे त्या कागदाला अर्थ आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव रद्दही केला. छोट्या गावातल्या आपुलकीचे गोडवे गायला लागलो की मला महाड आठवते आणि माझा आवाज आपोआप खाली येतो.

2025 च्या या निवडणुकीत एक गंमत अधिक झाली. मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती, पण मतदान चालू असतानाच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा आदेश आला आणि साऱ्या राज्यातले निकाल 21 डिसेंबरवर गेले. काही ठिकाणचे मतदानच 20 तारखेला होणार होते, त्यांच्यावर आधीच्या निकालाचा परिणाम नको म्हणून. यंत्रे कुलपात बंद आणि बाहेर पोलीस. या एकोणीस दिवसांत आमच्या प्रभागात कोणीच हरलेले नव्हते. किराणावाले शेठ उधारीचे नाव काढीनात, माझा बाकावरचा मित्र समोरून आला की मोटारसायकल थांबवून आईच्या गुडघ्यांची चौकशी करी, आणि तिसऱ्याने तर तडकलेली फरशी स्वतःच्या खर्चाने बदलली. चहाच्या टपरीवर सिगारेटच्या पाकिटांच्या मागे बेरजा चालत. तिघांच्याही बेरजा खऱ्या धरल्या तर प्रभागात दीडपट मतदान झाले असले पाहिजे.

निकाल लागला आणि शेठ निवडून आले. मत गुप्त असते म्हणतात, पण यंत्राचे आकडे केंद्रावार बाहेर पडतात, आणि एका केंद्रावर तीन-चार गल्ल्याच असतात. दोन दिवसांनी मित्र घरी आला, चहा निम्मा प्यायला आणि म्हणाला, "तुमच्या केंद्रावर मला एकशे शहाऐंशी पडली. कुठल्या घरातली किती, तेही धरलंय आम्ही." मी बशीकडे पाहत राहिलो. तो हसला आणि म्हणाला, "तुझं धरलंय त्यात." कोणत्या बाजूला धरलंय, हे मी विचारले नाही.

शेठ गुलाल धुऊन आभाराला आले तेव्हा हात जोडण्याआधीच मी त्यांना गल्लीच्या तोंडाशी नेले आणि चेंबर दाखवला. फरशी नवी आहे, पण झाकण ते झाकण. ते "पहिल्याच सभेत घेतो," म्हणाले. हल्ली दुकानाकडे जाताना ते आमच्या गल्लीतून न येता मागच्या बोळाने जातात. बोळ अरुंद आहे, त्यांची स्कूटर तिथे नीट वळत नाही, आणि दोनदा तरी त्यांना ती ढकलत नेताना मी गच्चीवरून पाहिले आहे.