कोयनेचे अवजल आणि ३१ मेचा हिशेब

आज अलोऱ्यात, कोयना जलविद्युत प्रकल्पावर पूर्वी काम केलेल्या एका ज्येष्ठ अभियंत्यांशी निवांत बोलता आले. धरणाची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) असली, तरी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्याच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे आणि हा हिशेब १ जूनला सुरू होऊन ३१ मेला संपतो. त्यामुळे विजेची मागणी, जलाशयाची पातळी आणि उरलेला वाटा या तिन्हींवर एकाच वेळी लक्ष ठेवावे लागते. उन्हाळ्यात मागणी वाढते, नेमका तेव्हाच हात आखडता घ्यावा लागतो. या शिस्तीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून आणि प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यातून सुटलेले हे पाणी कोळकेवाडी जलाशयात येते, तिथे तिसऱ्या टप्प्याचे वीजनिर्मिती संच फिरवते आणि अवजल, म्हणजे वीज तयार करून बाहेर पडलेले पाणी, म्हणून वाशिष्ठी नदीला मिळते. चिपळूण शहराचे पिण्याचे पाणी या अवजलावर अवलंबून आहे, म्हणून संच दीर्घकाळ बंद राहिले की झळ थेट घरातल्या नळांपर्यंत पोहोचते.

पावसाळ्यात चिंता उलटी असते. भरतीच्या वेळी वाशिष्ठीचे पाणी खाडीत सहज उतरत नाही, आणि २२ जुलै २०२१ चा महापूर तर आपण सर्वांनी पाहिला. धरण सुरक्षा कायदा, २०२१ नुसार पावसाळ्यापूर्वी आणि नंतर धरणाची तपासणी व आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक आहे. त्याच्या जोडीला विसर्गाचे आकडे भरतीच्या वेळांसह चिपळूणच्या बाजारपेठेत पावसाळाभर रोज फलकावर लागावेत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.