धरत नसतील

मंगळवार, रात्री साडेअकरा

चूक दुपारी सापडली आणि चार वाजेपर्यंत दुरुस्तही झाली. तरी झोपायचं सोडून इथे लिहीत बसलेय, कारण बार्शी डेपोच्या काकांचं एक वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

फोन केला होता वेगळ्याच कामाला. पासवर्डची मुदत संपली होती. ते माझं काम नाही, मी डेपोंच्या आकड्यांचे रिपोर्ट नि डॅशबोर्ड बनवते, पण डेपोवाल्यांना नंबर माझाच ठाऊक. बोलता बोलता म्हणाले, "मॅडम, आमचं नाव तुमच्या त्या डॅशबोर्डात येत नाही ना, म्हणून मी आपला रोज संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो काढून साहेबांना टाकतो."

येत नाही म्हणजे? कधीपासून?

"पहिल्यापासूनच. डेपो सुरू झाला तेव्हापासून. मला वाटलं, आम्हाला धरत नसतील."

उघडून बघितलं तर कर्तृत्व माझंच. मागे कुणीतरी म्हणालं होतं, निर्यात वगळून आकडे द्या. मी व्ह्यूमध्ये (डेटाबेसातून आकडे काढणाऱ्या साठवलेल्या क्वेरीत) एक ओळ घातली: ज्यांचा विभाग 'निर्यात' नाही तेवढेच घ्या. नंतर बार्शी सुरू झाली आणि मास्टरमध्ये, म्हणजे डेपोंच्या मूळ यादीत, तिचा विभाग कुणी भरलाच नाही. तिथे नल, म्हणजे रिकामं घर. नल म्हणजे शून्य नव्हे. 'हा निर्यात नाही ना?' असं विचारलं तर नल हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, 'माहीत नाही' म्हणतो. आणि व्हेअरच्या (क्वेरीतल्या अटीच्या) दारातून फक्त 'हो'वाल्यांनाच प्रवेश. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, ओळ आपली गुपचूप गळते. डॅशबोर्ड काढणाऱ्या टूलपर्यंत, पॉवर बीआयपर्यंत, पोचली असती तर त्याने निदान 'ब्लँक' नावाचा एक खांब तरी उभा केला असता. मी तिला त्याच्या अलीकडेच मारलं होतं.

हे मी नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात फळ्यावर काढून शिकवते. मुलाखतीत विचारते. उत्तर नाही आलं की तोंड वाकडं करते.

आणि अकाउंट्सचा नि आमचा आकडा दर महिन्याला आठ-नऊ लाखांनी चुकत होता, तेव्हा आम्ही सगळे एकमुखाने काय म्हणत होतो? टायमिंग डिफरन्स, नोंदींच्या तारखा मागेपुढे. जुन्या वैद्यांचा जसा वात, तसा आमचा टायमिंग डिफरन्स. काहीही दुखलं की तोच. साहेब म्हणे मीटिंगमध्ये बार्शीचा आकडा तोंडी जोडून घ्यायचे. मला सांगावं असं अकरा महिन्यांत त्यांना एकदाही वाटलं नाही. ते असो.

चुकीचं मला फार वाटत नाहीये, खरं सांगायचं तर. चौदा वर्षांत याहून मोठ्या केल्यात. क्रिस्टल रिपोर्ट्सच्या जमान्यात तर एकदा… नको. लागलंय ते 'धरत नसतील'. त्यात तक्रार नव्हती. जरा तरी चिडले असते तर मी सॉरी म्हणून मोकळी झाले असते. माणूस रोज माल पाठवतोय, बिलं करतोय, पाठवलेल्या रिपोर्टात स्वतःचं नाव शोधतोय, सापडत नाही, आणि त्याला हे चूक वाटतच नाही. रीतच वाटते.

पंगतीत वाढपी आपलं पान सोडून पुढे गेला तर हाक मारायला जीभ रेटत नाही, तसं. एका मुंजीत माझ्या पानावर जिलबी आलीच नव्हती. मी नववीत होते. वाढणारे मामा परत येतील म्हणून मठ्ठा पुरवून पुरवून पीत बसले आणि आईला घरी गेल्यावरही सांगितलं नाही. काका पंचावन्न-छप्पन्नचे असतील. इतकी वर्षं त्यांना कुणी कुणी न वाढता पुढे गेलं असेल, की आता…

मीसुद्धा या वर्षीची यादी लागली तेव्हा विचारायला गेले नाही. जाऊ दे.

एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञाने १९७० मध्ये डेटाबेसातल्या तक्त्यांची ही सगळी मांडणी कागदावर आणली, पण रिकाम्या घराचं काय करायचं यावर तो पुढे कितीतरी वर्षं डोकं खाजवत होता. १९९० च्या पुस्तकात तर त्याने सुचवलं की नल दोन प्रकारचे ठेवा: एक 'आहे पण माहीत नाही', दुसरा 'लागूच नाही'. बार्शी यातल्या कशातच बसत नाही. माहीत होतं, लागूही होतं, भरलं नाही इतकंच. आपल्याकडे याला शब्द आहे की. खिजगणतीत नसणे.

मास्टरमध्ये विभाग भरलाय. वर त्या ओळीला कोअलेसचं (रिकाम्या जागी ठरलेला शब्द घालणाऱ्या फंक्शनचं) ठिगळ लावलंय, म्हणजे यापुढे कुणाचा विभाग रिकामा राहिला तर तो 'विभाग नाही' अशी पाटी घेऊन कोपऱ्यात बसेल. पण बसेल.

बुधवार

सकाळी सातचा रिफ्रेश झाला. आली बार्शी. यादीत सगळ्यात खाली, लालभडक, टार्गेटच्या ६१ टक्के.

पावणेदहाला साहेबांचा मेल: बार्शी इतकी मागे का, दोन दिवसांत खुलासा. सोबत नेहमीची तळटीप, आकडे मिलियनमध्ये नकोत, लाखात द्या. (त्या टूलला लाख-कोटी कळत नाहीत, दर वेळी फॉरमॅट मलाच लिहावा लागतो, हे मी त्यांना किती वेळा सांगू?)

अकराला काकांचा फोन. "मॅडम, बघितलं. आलं नाव." मी गप्प. ते पण जरा गप्प. मग म्हणाले, "ते लाल थोडं कमी करता येतं का?"

येत नाही म्हटलं.

"मग वहीचा फोटो पाठवतच राहतो. त्यात लाल नसतं."

मी म्हटलं, मलाही पाठवा. संध्याकाळी सातला आला. निळं बॉलपेन, पट्टीने मारलेल्या रेघा, वर 'मागील पानावरून' आणि पुढे बेरीज, खाली सही. स्वतःच्याच वहीत रोज सही करतात. विभागाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'सोलापूर', प्रत्येक ओळीला, एकही जागा मोकळी नाही.

महिन्याची बेरीज माझ्याशी ताडून बघितली. ३४० रुपयांचा फरक येतोय. टायमिंग असेल, असं टाइप केलं आणि खोडलं. काकांनाच विचारलं.

म्हणाले, चूक तुमच्याकडं असंल.