मोहिनीची बोटं, सरदाराची मिशी

पुरुषाच्या चेहऱ्याची बाई करायला मला साधारण दीड तास लागतो, बाईचा पुरुष करायला पाऊण. फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या उत्सवात ही दोन्ही कामं एकाच दिवशी आली. पहिल्या रात्री गावातल्या पुरुषांचं पौराणिक नाटक होतं आणि त्यात मोहिनीचं काम वायरमनकी करणाऱ्या एका तरुणाकडे होतं. दुसऱ्या रात्री महिला मंडळाचं ऐतिहासिक नाटक. त्यातला सरदार अंगणवाडीत काम करणाऱ्या एक बाई करणार होत्या. सभागृह एकच, म्हणून दोन्ही रंगीत तालमी एकापाठोपाठ लागल्या. गोव्याच्या गावात यात नवल काही नाही. मला लिहावंसं वाटलं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. त्या तरुणाने बाई आणि त्या बाईंनी पुरुष एकाच ठिकाणाहून उचलला होता, पडद्यावरून. आणि पडद्यावरचे हे बाई-पुरुष निम्मे कॅमेऱ्याने घडवलेले असतात. कॅमेरा नसला की ते रंगमंचावर उभे राहत नाहीत.

मोहिनीपासून सुरुवात केली. दाढी रंगभूषेच्या तास-दोन तास आधी झालेली हवी, नाहीतर चुरचुरणाऱ्या त्वचेवर बेस धरत नाही. दाढीनंतर गार पाणी आणि तुरटी. मग दाढीची निळसर झाक मारायला फक्त तेवढ्याच भागावर नारिंगी करेक्टर, अगदी पातळ, बोटाने थोपटून. चोळला की तो सरकतो आणि गाल तांबडे दिसतात. त्यावर पावडर दाबून मग बेस. ही पायरी गाळली तर कितीही जाड थर दिला तरी हनुवटी राखाडी-हिरवट दिसते, आणि घाम आला की आणखीच. जाड भुवया झाकायला पाण्याने धुता येणाऱ्या ग्लू स्टिकचे तीन पातळ हात देते. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच पुढचा. त्यावर नवी भुवई थोडी वर काढायची.

बेसची डबी उघडली तसं तो म्हणाला, "तोंड मातशें गोरें कर गो, ताई. मोहिनी न्ही ती?"

ही मागणी मी नेहमी ऐकते, आणि हल्ली पुरुष भूमिका करणारी मुलंही ती करतात. पुरुषांसाठीचं गोरेपणाचं क्रीम आपल्या बाजारात 2005 साली आलं. त्याआधी मुलग्यांनी गोरं असायलाच हवं असं त्यांना कोणी विकलेलं नव्हतं. मुलींना ते 1975 पासून विकलं जात होतं. 2020 मध्ये त्या जुन्या क्रीमच्या नावातून गोरेपणाचा शब्द गेला, पण तोवर दोन पिढ्यांच्या डोक्यात सुंदर बाईचा रंग ठरून गेला होता. मी त्याला आरसा आणि सभागृहातले दिवे दोन्ही दाखवले. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. पूर्वीचे हॅलोजन दिवे 3200 केल्विनच्या आसपासचे, पिवळसर. त्यात फिकट गुलाबी बेस खपून जायचा. आता गावोगावी पांढरे एलईडी आलेत, 5600 किंवा त्याहूनही वर. त्या उजेडात त्वचेपेक्षा दोन छटा उजळ बेस प्रेतासारखा राखी दिसतो, आणि कान, मान, हात सावळेच राहिल्यामुळे चेहरा वेगळा चिकटवल्यासारखा वाटतो. शेवटी त्याच्याच रंगाचा, किंचित पिवळसर बेस लावला. गालाच्या हाडावर आणि नाकाच्या दांडीवर थोडा उजळपणा, जबड्याच्या कोपऱ्याला गडद छटा. जबडा अरुंद झाला की चेहरा बदलतो. त्याला गोरेपणा लागत नाही.

साडी त्याने स्वतः आणली होती. मालिकेतल्या नायिकेसारखी जाळीची, पदर एकेरी सोडायचा. मालिकेत तो पदर दोन शॉटच्या मध्ये कोणीतरी येऊन नीट करतं. इथे पाऊण तास कोणी येणार नाही. जाळी खांद्यावरून घसरते, मग नट एका हाताने सतत पदर सावरत राहतो, आणि ते सावरणंच त्याला बायकी वाटायला लागतं. मी नऊवारी नेसवली. सव्वाआठ मीटर कापड, काष्टा घट्ट, पदर कमरेला खोचलेला. खांदे रुंद होते, पण ते लपवायच्या फंदात पडू नये. कमरेच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या गाद्या बांधून नितंब रुंद केले की खांदे आपोआप कमी वाटतात. केसांत म्हार्दोळच्या जाईच्या फुलांचा गजरा.

इथवर सगळं ठीक होतं. मग तो अमृताचा कलश घेऊन रंगमंचावर आला.

पितळी कलश, निम्मा पाण्याने भरलेला, आणि तो धरला होता दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांनी. करंगळ्या बाहेर, मान डाव्या खांद्यावर कललेली, एक गुडघा किंचित वाकवलेला, नजर खाली. चौथ्या पावलाला कलश घसरला आणि पाणी थेट दिव्यांच्या वायरीकडे गेलं. वायरमनच तो, स्वतःच धावत जाऊन त्याने प्लग काढला.

ही पकड कुठून येते ते मला माहीत आहे. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात छापील जाहिरातींतली शेकडो चित्रं शेजारी शेजारी ठेवून नेमकं हेच दाखवलं होतं. जाहिरातीतला पुरुष वस्तू पकडतो, वापरतो. बाई तिला बोटांनी नुसती स्पर्श करते. तिची मान कललेली, गुडघा वाकलेला, उभं राहणं असं की कोणी ढकललं तर पडेल. साबणाची वडी, चहाचा कप, फोन, काहीही असो. छायाचित्रात वस्तूला वजन नसतं, म्हणून हे खपतं. पाण्याने भरलेल्या पितळी कलशाला वजन असतं.

मी विचारलं, "घरी आई कळशी कशी घेते?" त्याने क्षणभर आठवलं. मग उजव्या पंजाने कलशाचा गळा घट्ट धरला, तो कमरेवर टेकवला, डावा हात मोकळा सोडला आणि चालला. पावलं आपसूक लांब पडायला लागली, कारण नऊवारीत पाय अडत नाहीत. पाठ ताठ झाली, कारण कमरेवरचं वजन तोलायला ती ताठच लागते. बघायला बसलेल्या बायका पहिल्यांदा गप्प झाल्या. ती बाई त्यांच्या ओळखीची होती. म्हापशाच्या मासळी बाजारात मासळीची पाटी डोक्यावर घेणारी, पाठीचा कणा सरळ ठेवून गर्दीतून वाट काढणारी बाई रोज दिसते. तिला मालिकेत जागा नसते, म्हणून नटांना ती बाई वाटत नाही.

आणि मोहिनीच्या बाबतीत तर आम्हा गोमंतकीयांना सबबच नाही. म्हार्दोळची महालसा नारायणी ही मोहिनीचंच रूप मानली जाते. तिच्या चार हातांत त्रिशूळ, खड्ग, असुराचं मुंडकं आणि पानपात्र असतं. दसऱ्याला, जत्रेला तिच्यापुढे हात जोडायचे आणि रंगमंचावर मात्र पापण्या फडफडवणारी मोहिनी उभी करायची, हे मला पटत नाही. दिग्दर्शकांनी थोडा वाद घातला. असुरांना भुलवायला थोडा नखरा लागेलच, असं त्यांचं म्हणणं. नखरा असू द्या, मी म्हटलं, पण तिच्या हातात अमृत आहे आणि कोणाला द्यायचं ते ती ठरवते. ते चेहऱ्यावर यायला हवं.

आवाजाचीही तीच गत. पुरुषाच्या बोलण्याची मूळ पट्टी साधारण 85 ते 180 हर्ट्झ, बाईची 165 ते 255. म्हणजे दोन्हींचा थोडा भाग एकमेकांत मिसळलेला असतो. तो भाग सोडून हा मुलगा कृत्रिम उंच, श्वास मिसळलेल्या कुजबुजत्या आवाजात बोलत होता. तो आवाज पडद्यावर गोड वाटतो, कारण माइक ओठांपासून वीतभरावर असतो. सभागृहात तो तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही, आणि जोर लावला तर वीस मिनिटांत घसा बसतो. त्याला त्याच्या नेहमीच्या आवाजाच्या वरच्या टोकाला आणलं आणि वाक्यांतले चढउतार वाढवले. एवढं पुरतं.

पेटी वाजवायला बसलेले आजोबा हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "बालगंधर्वांचं बघून बायका साडी नेसायला शिकल्या, मग ह्याने टीव्हीचं बघितलं तर काय बिघडलं?" प्रश्न रास्त होता. बालगंधर्वांच्या नेसण्याचं, दागिन्यांचं, गजऱ्याचं अनुकरण घराघरांतल्या स्त्रियांनी केलं हे खरंच आहे. बाईपण कसं दिसतं हे आपल्याकडे बराच काळ पुरुष नटांनी ठरवलं. फाळक्यांच्या 1913च्या पहिल्या चित्रपटात तारामतीही अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्याच वर्षी त्यांच्या पुढच्या चित्रपटात मोहिनी झाल्या कमलाबाई, आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत पार्वती. पण फरक आहे, तो मी आजोबांना सांगितला. रंगमंचावरच्या स्त्रीपार्टी नटाला तोल सांभाळून तासन् तास चालावं, गावं लागायचं. अंगाला न झेपणारी लकब तिथे टिकत नसे. कॅमेऱ्याला तीन सेकंदांचं चित्र पुरतं. आजोबांनी मान डोलावली. पटलं की नाही, कळलं नाही.

दुपारनंतर सरदार आले.

बाईची छाती सपाट करायला क्रेप बँडेज गुंडाळायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते. ती बंद व्हायला हवी. घामाने आणि हालचालीने बँडेज आवळत जातं, श्वास उथळ होतो, लांब वाक्य तुटतं, बरगड्यांना इजा होऊ शकते. घट्ट स्पोर्ट्स ब्रा, त्यावर जाड सुती बंडी, आणि कमरेभोवती घडी केलेला टॉवेल. पुरुष दिसायला छाती दाबण्यापेक्षा कमरेचा बाक भरून काढणं जास्त कामाचं. चेहऱ्याला गडद बेस, भुवया खालच्या बाजूने जाड, आणि गालावर दाढीची छटा भरड स्पंजने ठिपके देऊन.

मिशी क्रेप हेअरची, म्हणजे रंगभूषेच्या नकली केसांची. स्पिरिट गम, म्हणजे ते त्वचेला चिकटवायचा डिंक, लावल्यावर लगेच केस चिकटवायचे नाहीत. बोट लावून चिकचिक जाणवेपर्यंत, अर्धा मिनिट तरी थांबायचं. मग ओठाकडून वर, थरावर थर, आणि शेवटी ओल्या फडक्याने दाबून धरायचं. त्याआधी वरच्या ओठावरचा घाम आणि तेल पूर्ण पुसलेलं हवं. गोव्याच्या दमट हवेत मिशी सुटते ती बहुतेक इथेच. अश्रूंनी ती सुटत नाही, आतून आलेल्या घामाने सुटते. किंवा ओढल्याने.

आणि सरदार दर दुसऱ्या वाक्याला मिशी ओढत होते. पहिल्या प्रवेशातच उजवा कोपरा सुटला.

बाकीचं अंगही तसंच. छाती पुढे, हात शरीरापासून वीतभर लांब, पाय फाकवलेले, दात आवळून बोलणं. आणि चाल इतकी संथ की वीस फुटांचा रंगमंच पार करेपर्यंत समोरचा नट अवघडून उभा. ही चाल कशी बनते ते त्यांना समजावून सांगितलं. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी दाखवतात. नायकाचं आगमन 48 किंवा त्याहून जास्त चौकटींनी टिपलं की पडद्यावर ते निम्म्या वेगाने दिसतं. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, रुंद भिंगाचा, म्हणून माणूस खांबासारखा उंच. पंख्याने कपडे उडवलेले. पावलांचा आवाज नंतर स्टुडिओत वेगळा काढून जोडलेला, खालून ढोल. तो नट सेटवर साधाच चालत गेलेला असतो. पडद्यावर दिसतो तो दरारा भिंगाने, वेगाने आणि ध्वनीने आणलेला. तोच नुसत्या शरीराने करायला गेलं की शरीर लाकडी होतं. हे मला फक्त नाटकापुरतं वाटत नाही. गावातल्या व्यायामशाळेच्या दारात उभी राहणारी सतरा-अठराची मुलं असेच हात लांब धरून उभी असतात आणि कोणाशी मोकळं बोलताना दिसत नाहीत, तेव्हा मला काळजी वाटते.

त्यांना विचारलं, तुमच्या ओळखीतला कोणता पुरुष चार माणसांत आला की बाकीचे गप्प होतात? त्या म्हणाल्या, सासरे. ते कसे येतात? त्यांनी करून दाखवलं: सरळ, थोडे घाईत, हात पाठीमागे, समोरच्याच्या डोळ्यांत बघत, आवाज बेताचा. झालं, सरदार सापडला.

अडलं ते शेवटच्या प्रवेशात. मुलाच्या मरणाची बातमी येते आणि संहितेत स्पष्ट लिहिलंय की सरदार रडतो. मंडळाने ते गाळून त्याजागी मूठ आवळून तलवार उपसणं ठेवलं होतं. "मर्द रडताना बरा दिसत नाही," एकीने सांगितलं. मी हट्टाला पेटले. आपल्या संगीत नाटकांतले नायक शोकाची पदं गायचे, प्रेक्षक त्यांच्याबरोबर रडायचे, आणि त्यांचं पुरुषपण कुठे कमी झालं नाही. दुःख आलं की राग दाखवायचा ही वाट सूडाच्या चित्रपटांनी रुळवली, कारण मारामारीला निमित्त लागतं. बाई थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, सासरे थोरल्या दिरांच्या वेळी ओट्यावर बसून मोठ्याने रडले होते. मग त्यांनी तो प्रवेश तसाच केला, खाली बसून, तोंड न झाकता. मिशी जागेवर राहिली. मंडळातल्या दोघींचं मत शेवटपर्यंत वेगळंच होतं. रडणं ठेवायचं की नाही ते दिग्दर्शिकेवर सोडून मी सामान आवरलं.

तालीम मोबाईलवर टिपण्याची सवय आता सगळ्या मंडळांना आहे. ती चांगली आहे, पण निघताना दोन्ही मंडळांना एवढं सांगितलं: फोन शेवटच्या रांगेत, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडला पक्का बांधा. झूम करू नका, खालून धरू नका, मागाहून संगीत जोडू नका. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून बघा, आणि हातात वस्तू असेल तिथे थांबवून बोटं बघा.