सात नंबर
आज सात नंबरच्या उंदराला प्लस मेझवर, म्हणजे भीती मोजायच्या अधिकच्या चिन्हासारख्या मचाणावर, ठेवलं आणि स्टॉपवॉच दाबलं. पाच मिनिटं. जमिनीपासून अर्धा मीटर उंच चार वाटा. दोन भिंतींच्या, दोन उघड्या. हा काळा पठ्ठ्या भिंतीच्या वाटेत शिरला तो शिरलाच. एकदा मान लांब करून, मिशा थरथरवत उघड्या बाजूला डोकावला. मागचे पाय मात्र आतच रोवलेले. मग अंग चाटत बसला.

गेले १० दिवस रोज त्याला एका नव्या, दांडगट पांढऱ्या उंदराच्या पिंजऱ्यात सोडत होतो. मारामारी जेमतेम ५-१० मिनिटं. उरलेला दिवस मध्ये भोकं पाडलेली पारदर्शक भिंत. मार थांबतो, पण मारणारा समोर दिसतो, त्याचा वास येत राहतो. माझ्या मते खरा छळ तोच.

गंमत म्हणजे २००७ साली या पद्धतीवर आलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात काही उंदीर मार खाऊनही अनोळखी उंदराजवळ बिनधास्त जात होते. त्यांना ‘चिवट’ म्हटलं गेलं. पण याच मेझवर चढवल्यावर तेही भिंतीलाच चिकटले! म्हणजे चारचौघांत मिसळतोय म्हणून आत सगळं आलबेल असेलच असं नाही.

वहीत मी ‘घाबरला’ लिहीत नाही, ‘उघड्या वाटेत ० सेकंद’ लिहितो. उंदराच्या मनातलं कोणी पाहिलंय? तरी आज पेन जरा अडलंच.

त्याला उचललं तेव्हा तळहातावर त्याचं काळीज धडधडत होतं. अल्कोहोलने मेझ पुसला, आठ नंबर घेतला.