फ्रेंचमधून वाद घालायला पॅरिसला जाताय? आधी कान तयार करा

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या महाविद्यालयातल्या दोन जोड्या घेऊन मी पॅरिसला फ्रेंच भाषेतल्या आंतरराष्ट्रीय वादविवाद स्पर्धेला गेले होते. पुण्यात फ्रेंच शिकणाऱ्यांना तोटा नाही. आलियाँस फ्रान्सेझ आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारी मुलं तर वर्गच्या वर्ग भरतील इतकी. पण परीक्षेपलीकडे जाऊन या भाषेत भांडायला, पटवायला, समोरच्याचं खोडून काढायला फार थोडी मुलं बाहेर पडतात. ती संख्या वाढावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा वृत्तांत जरा सविस्तर.

स्पर्धा ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीची होती, भाषा मात्र फ्रेंच. एका फेरीत चार जोड्या, दोन सरकार पक्षाच्या आणि दोन विरोधी पक्षाच्या. विषय जाहीर झाला की तयारीला १५ मिनिटं, त्यात इंटरनेट बंद. प्रत्येकाचं भाषण ७ मिनिटांचं. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधल्या वेळात समोरचे उभे राहून प्रश्न विचारू शकतात, आणि त्यातला एखादा तरी घेणं अपेक्षित असतं. शेवटी चारही जोड्यांचा क्रम लागतो आणि ३, २, १, ० असे गुण मिळतात. म्हणजे तुमच्याच बाजूची दुसरी जोडीही तुमची प्रतिस्पर्धी असते. हे मुलांच्या लवकर पचनी पडत नाही, त्यामुळे घरी सराव करतानाच चार जोड्या बसवा. दोनच असतील तर माजी विद्यार्थ्यांना बोलवा.

आमची मुलं डेल्फ बी-२ ही फ्रेंचची प्रमाणपत्र परीक्षा झालेली. त्या तोंडी परीक्षेत तयारीला ३० मिनिटं मिळतात, एका छोट्या उताऱ्यावरून आपली भूमिका मांडायची असते आणि दोन्ही बाजू तोलून बोललं की परीक्षक खूश होतात. स्पर्धेत हीच सवय नडते. फ्रेंच शिक्षणातली ती नामांकित मांडणी, आधी एक बाजू, मग उलट बाजू, मग समन्वय, इथे सरळ गुण घालवते, कारण समन्वय म्हणजे अर्धा मुद्दा समोरच्याला देऊन टाकणं. पहिल्या फेरीनंतर एका परीक्षकाने आमच्या मुलीला शांतपणे सांगितलं की तुमचं शेवटचं मिनिट विरोधकांच्या कामी आलं. पुढच्या फेरीपासून तिने एकच बाजू घट्ट धरली आणि ती वेगळीच वक्ता वाटायला लागली.

पण खरी कसोटी बोलण्याची नव्हती, ऐकण्याची होती. वर्गात आपण पॅरिसची फ्रेंच ऐकतो, तीही ध्वनिमुद्रित, संथ आणि स्वच्छ. सभागृहात सेनेगलची, मोरोक्कोची, लेबननची, क्वेबेकची, बेल्जियमची फ्रेंच एकापाठोपाठ कानावर येते, तीही भांडणाच्या वेगात. फ्रेंच रोज वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक आफ्रिकेत राहतात हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण डाकारचा मुलगा ७ मिनिटं एका दमात बोलतो तेव्हा ते कळतं. क्वेबेकच्या जोडीचे स्वर आमच्या मुलांना पहिले दोन दिवस नीट पकडताच आले नाहीत. बेल्जियमच्या मुलीने ‘नोनांत’ टक्के म्हटलं, आणि नव्वदसाठी ‘कात्र-व्हँ-दिस’ पाठ केलेल्या आमच्या मुलाने टिपणात नुसतंच नऊ लिहिलं. मग त्या आकड्यावरचं उत्तरच चुकलं.

तेव्हा निदान तीन महिने आधीपासून रोज अर्धा तास फक्त ऐका. सुरुवातीला आरएफआय या फ्रेंच रेडिओचं ‘जुर्नाल आं फ्रान्से फासील’ हे सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र घ्या, त्याची संहिताही मिळते. मग लगेच त्याच वाहिनीच्या आफ्रिकेवरच्या बातम्या, रेडिओ-कॅनडा, बेल्जियमची आरटीबीएफ आणि स्वित्झर्लंडची आरटीएस यांच्याकडे वळा. ऐकताना कागदावर दोन रकाने आखून मुद्दे टिपा आणि ऐकणं संपल्यावर त्यातल्या एका मुद्द्याला दोन मिनिटांत तोंडी उत्तर द्या. या एका सरावाने जो फरक पडतो तो दहा भाषणं पाठ करून पडत नाही.

याच ऐकण्यातून आमच्या मुलांची एक मोठी भीती गेली. आपला ‘र’ जिभेने फिरतो, पॅरिसचा घशातून येतो, आणि सांगली-साताऱ्याकडून आलेली मुलं त्यावरून वर्गात कायम अवघडलेली असतात. इथे पश्चिम आफ्रिकेतले उत्तम वक्ते खणखणीत फिरवलेला ‘र’ घेऊन फेऱ्यामागून फेऱ्या जिंकत होते. गुणपत्रिकेत उच्चाराचा रकानाच नव्हता. घशातल्या ‘र’साठी घालवायचा वेळ युक्तिवादाला द्या, असं मी आता प्रत्येक वर्गात सांगते.

उदाहरणं आपल्या घरची न्या. राजकारणातल्या स्त्रियांच्या राखीव जागांवर एक फेरी झाली. बहुतेक सगळे फ्रान्सच्या २००० सालच्या समानता कायद्यावर बोलत होते. आमच्या जोडीने ७३ वी घटनादुरुस्ती सांगितली, आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून महाराष्ट्रात ५० टक्के जागा, आणि सरपंच झालेल्या बाईच्या नावावर नवरा कारभार पाहतो या आक्षेपालाही स्वतःहून हात घातला. सभागृहात तो मुद्दा नवा होता, त्यामुळे समोरच्यांकडे तयार उत्तर नव्हतं. ती फेरी आम्ही जिंकली, आणि पुढे ही जोडी उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. मात्र आकडे आधी रूपांतरित करून ठेवा. दहा लाखांचा एक मिलियन, एक कोटीचे दहा मिलियन आणि शंभर कोटींचा एक ‘मिलियार’, हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे.

आता कागदपत्रं. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तुम्ही निदान अडीच महिने आधी कामाला लागा. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा भराभर संपतात. आधी फ्रान्स-व्हिसाच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, मग अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस केंद्रात बोटांचे ठसे. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आयोजकांचं निमंत्रण, महाविद्यालयाचं पत्र, राहण्याचं आरक्षण, पालकांची बँकेची विवरणपत्रं आणि खर्च आम्ही करतो असं त्यांचं पत्र, हे सगळं एकाच फाइलमध्ये, प्रत्येक मुलाची फाइल वेगळी. अठरा पूर्ण नसतील तर आई-वडील दोघांचं संमतिपत्र. निमंत्रणात प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. वडिलांचं नाव मध्ये घालायची आपली पद्धत आयोजकांना माहीत नसते, ते तपासून घ्या. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, तिथे फोटो आणि ठसे घेतात, तेव्हा उतरल्यावर जास्तीचा वेळ धरा.

शार्ल द गोल विमानतळावरून आरईआर ‘बी’ ही उपनगरी गाडी थेट सिते युनिव्हर्सितेरला जाते. परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांचा हा मोठा परिसर, त्यात भारताचं घरही आहे. आम्ही जवळच्याच युवा वसतिगृहात राहिलो आणि संध्याकाळचा सराव तिथल्या हिरवळीवर केला. २०२५ मध्ये विमानतळाचं तिकीट एका बाजूचं १३ युरो आणि सगळ्या विभागांचा आठवड्याचा नाविगो पास ३१.६० युरो होता, तोही विमानतळासकट. म्हणजे पासच परवडतो, पण तो सोमवार ते रविवारच चालतो आणि शुक्रवारपासून चालू आठवड्याचा मिळत नाही. विमानाची तारीख ठरवतानाच हे बघा. ‘नाविगो देकुव्हेर्त’ कार्डाचे ५ युरो वेगळे, छोटा फोटो सोबत ठेवा. १ मे आणि ८ मे या सुट्ट्यांना बरंच काही बंद असतं, आदल्या दिवशी खाणं आणून ठेवा.

शाकाहारी मुलांचे हाल होत नाहीत. ला शापेल भागात श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकानं आणि डोसा, रोझिए रस्त्यावर फलाफल, आणि सकाळी कोणत्याही बेकरीत ताजा पाव. सॅलड मागवताना मात्र मांसाचे तुकडे आणि मासे दोन्ही नकोत हे स्पष्ट सांगा. दुकानात शिरताना ‘बोंजूर’ म्हणायला विसरू नका; त्याशिवाय पुढचं बोलणं नीट होत नाही.

फेऱ्यांमधल्या मोकळ्या दिवशी मुलांना आयफेलऐवजी मी आधी पालै बुर्बों या फ्रान्सच्या संसद इमारतीसमोर नेलं. २६ नोव्हेंबर १९७४ रोजी आरोग्यमंत्री सिमोन व्हेय यांनी गर्भपाताच्या कायद्याचं विधेयक जवळजवळ सगळे पुरुष असलेल्या सभागृहासमोर तिथेच मांडलं. १७ सप्टेंबर १९८१ ला न्यायमंत्री रोबेर बादँतेर यांनी फाशी रद्द करण्यासाठी तिथेच भाषण केलं आणि ऑक्टोबरमध्ये कायदा झाला. दोन्ही भाषणं मुलांनी पुण्यातच ऐकलेली होती, त्यामुळे ती इमारतीकडे नुसती बघत नव्हती, भाषणाचे तुकडे आठवून एकमेकांना म्हणून दाखवत होती. मग पाँतेओंमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या थोर व्यक्तींच्या स्मारकात, व्हेय यांची समाधी पाहिली. बादँतेर यांनाही नंतर, ९ ऑक्टोबर २०२५ ला, तिथे मानाची जागा मिळाली. ही दोन भाषणं जाण्याआधी नक्की ऐका. संतापाचा विषय आणि आवाज मात्र ताब्यात, हे त्यातून शिकता येतं.

शेवटी शिक्षकांसाठी. अशा स्पर्धांमध्ये जोड्यांच्या हिशोबात संस्थेने परीक्षकही आणायचा असतो. आमच्या दोन जोड्यांमागे एक परीक्षक लागला, म्हणून मी खुर्चीत बसले. स्वतःच्या मुलांची फेरी देत नाहीत. नोंदणी करतानाच हा नियम विचारा आणि परीक्षक म्हणून फ्रेंचमधून कारणं सांगायचा सराव करा, कारण निकालानंतर चारही जोड्यांना कारणं तोंडी द्यावी लागतात. शेवटच्या प्राथमिक फेऱ्यांचे निकाल बाद फेरीपर्यंत गुप्त ठेवतात. त्या फेऱ्यांचे परीक्षक कोण होते ते मुलांना लिहून ठेवायला सांगा आणि बाद फेरीत गेलेल्यांची यादी लागल्यावर त्यांना गाठून आपल्या भाषणाबद्दल विचारायला पाठवा. ते वेळ देतात.