परवाना मिळाला, पेअर मिळाली नाही

लँडलाइनची तार एक्स्चेंजमधून घरापर्यंत कशी येते, ते आधी बघू. स्थानिक टेलिफोन सेवेतल्या स्पर्धेचं निम्मं भांडण याच तारेवरून झालं.

एक्स्चेंजमध्ये एक लांबलचक लोखंडी चौकट असते. तिला एमडीएफ म्हणतात. तिच्या एका अंगाला रस्त्यावरून आलेल्या केबली, दुसऱ्या अंगाला स्विचमधले, म्हणजे फोन जोडणाऱ्या यंत्रातले नंबर, आणि मधे जंपर, म्हणजे दोन रंगांची पिळलेली बारीक तार. कुठला नंबर कुठल्या पेअरवर, म्हणजे ग्राहकाच्या तांब्याच्या तारांच्या जोडीवर आहे, हे त्या जंपरवरून ठरतं. तिथून प्रायमरी केबल जमिनीखालून पिलरपर्यंत जाते. फुटपाथवर भिंतीला टेकून उभं असलेलं, दाराची कडी तुटलेलं लोखंडी कपाट दिसतं, तोच पिलर. तिथे पुन्हा एक जंपर. पिलरमधून सेकंडरी केबल डीपीपर्यंत येते. डीपी म्हणजे खांबावर किंवा जिन्याखाली बसवलेली, बहुधा दहा पेअरची डबी. तिच्यातून ड्रॉप वायर घरात शिरते.

या पेअरवर एक्स्चेंजच्या बॅटरीचे ४८ व्होल्ट कायम असतात. म्हणून घरची वीज गेली तरी फोन चालायचा. ०.५ मिलिमीटरच्या तारेचा जाऊन-येऊन रोध किलोमीटरला साधारण १७५ ओहम, ०.४ च्या तारेचा २८० च्या आसपास. अंतर वाढलं की आवाज बारीक होतो, आणि त्याच तारेवर ब्रॉडबँड असेल तर तीन-चार किलोमीटरनंतर त्याचा वेग झपाट्यानं पडतो. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी गेलं की आधी खरखर सुरू होते, मग दोन तारांमध्ये किंवा तारेतून जमिनीत गळती लागते, आणि शेवटी एक्स्चेंजला वाटतं की ग्राहकानं रिसीव्हर उचलूनच ठेवला आहे. बाहेरून फोन करणाऱ्याला एंगेज टोन येतो. कागदी इन्सुलेशनच्या जुन्या केबलीत शिरलेलं पाणी आतल्या आत पसरत जायचं. जेली भरलेल्या केबलीत ते तिथल्या तिथे अडतं, पण जॉइंटच नीट बंद केला नसेल तर जेलीचा काही उपयोग नाही. अशा वेळी लाइनमन एक काम करतो: पिलरमध्ये मोकळी पेअर शोधतो आणि ग्राहकाला तिच्यावर टाकतो. मोकळ्या पेअर संपल्या की नवीन केबल, म्हणजे नवीन खोदाई.

खोदाई हाच या धंद्यातला खरा खर्च. त्यापुढे तांब्याची तार स्वस्त म्हणायची. रस्ता फोडायची परवानगी, तो पूर्ववत करून द्यायचे पैसे, पावसाळ्यात बंद राहणारी कामं, आणि शेजारच्या पाण्याच्या पाइपाला धक्का लागला की होणारी वादावादी. पहिल्या कंपनीनं हे सगळं सरकारी पैशातून, चाळीस-पन्नास वर्षांत, थोडं थोडं करून ठेवलेलं असतं. दुसऱ्या कंपनीला तेच दोन-तीन वर्षांत, कर्ज काढून करायचं असतं, आणि तेही गल्लीतल्या शंभर घरांपैकी आपल्याकडे किती येतील याचा पत्ता नसताना. म्हणून दुसऱ्या कंपनीपुढे दोनच वाटा उरतात: स्वतःची तार टाकणं, नाहीतर पहिल्या कंपनीची पेअर भाड्यानं घेणं.

भाड्याची वाट अमेरिकेनं १९९६ च्या दूरसंचार कायद्यानं सक्तीची केली. जुन्या स्थानिक कंपनीनं आपली पेअर, आपल्या एक्स्चेंजमधली जागा आणि जोडणी प्रतिस्पर्ध्याला खर्चाच्या हिशोबानं ठरलेल्या दरात द्यायची. काम कागदावर सोपं दिसतं. नवी कंपनी एक्स्चेंजच्या इमारतीत जाळीआड आपला रॅक उभा करते, ४८ व्होल्टची वीज विकत घेते, रॅकपासून एमडीएफपर्यंत टाय केबल ओढते. मग ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मिनिटाला जुना जंपर उतरवून नवा चढवायचा आणि त्याच वेळी नंबरही नव्या स्विचकडे वळवायचा. याला तिकडे हॉट कट म्हणत. जंपर आधी हलला आणि नंबर मागे राहिला, तर ग्राहकाला डायल टोन येतो पण त्याला कुणाचा फोन लागत नाही. नोंदीत एक पेअर आणि प्रत्यक्ष चौकटीवर दुसरीच असेल, तर भलत्याच माणसाचा फोन बंद पडतो. हे काम करणारे हात जुन्या कंपनीचे, आणि ग्राहक जाणार तोही तिचाच. म्हणून तिथल्या कायद्यानं एक आमिषही ठेवलं होतं: १४ कलमांची यादी पूर्ण करून आपलं स्थानिक जाळं खरोखर खुलं केल्याचं दाखवलं, तरच जुन्या कंपनीला स्वतःच्या भागात लांब पल्ल्याची सेवा विकता येईल. पहिली मंजुरी डिसेंबर १९९९ मध्ये बेल अटलांटिक या जुन्या स्थानिक कंपनीला न्यूयॉर्क राज्यासाठी मिळाली. पुढे २००४ चा न्यायालयीन निकाल आणि त्यानंतरचे नवे नियम यांमुळे भाड्याच्या स्विचवर चालणाऱ्या कंपन्यांचा आधार गेला. पण मधली सात-आठ वर्षं सामान्य घराला त्याच तारेवर दुसरी कंपनी निवडता येत होती.

आपल्याकडे ही वाट उघडलीच नाही. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानं मूलभूत टेलिफोन सेवा खासगी कंपन्यांना खुली केली. प्रत्येक सर्कलमध्ये, म्हणजे ढोबळ मानानं राज्याएवढ्या परवान्याच्या हद्दीत, दूरसंचार खातं आणि जोडीला एक खासगी कंपनी, अशी रचना होती. बोली एवढ्या चढ्या लागल्या की प्रत्यक्षात सहा सर्कलमध्येच खासगी सेवा उभी राहिली. भारती १९९८ मध्ये इंदूरमध्ये सुरू झाली. महाराष्ट्र आणि गोव्याचा परवाना ह्यूज इस्पातकडे होता. तीच कंपनी पुढे टाटांकडे गेली आणि टाटा टेलिसर्व्हिसेस (महाराष्ट्र) झाली. तिच्यासमोर मुंबईत एमटीएनएल आणि बाकी राज्यात दूरसंचार खातं, म्हणजे २००० नंतरची बीएसएनएल. स्वतःची तार टाकायची म्हटल्यावर ती आधी कुठे पडणार हे उघड होतं: जिथे एका इमारतीत दोनशे लाइनी विकल्या जातात तिथे. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांना पर्याय मिळाला. साताऱ्यातल्या किंवा परभणीतल्या घराला मिळाला नाही.

एप्रिल २००४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं ब्रॉडबँडवरच्या शिफारशींत स्पष्ट म्हटलं होतं की बीएसएनएल-एमटीएनएलच्या तांब्याच्या पेअर इतरांना खुल्या कराव्यात. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या ब्रॉडबँड धोरणात मात्र सक्ती नव्हती; तारेची मालक कंपनी आणि ती मागणारी कंपनी यांनी हवं तर आपसात व्यापारी करार करावेत, एवढंच. जिच्या ग्राहकावर डोळा आहे तिनंच आपखुशीनं तार द्यावी, ही अपेक्षा फळली नाही. सरकारी कंपन्यांची बाजू खोटी नव्हती. खेड्यातल्या लाइनीचं भाडं खर्चापेक्षा फार कमी होतं आणि तो तोटा शहरातल्या ग्राहकांतूनच भरून निघत होता. पण त्या तोट्यासाठी २००३ पासून ॲक्सेस डेफिसिट चार्ज वेगळा वसूल होतच होता; तो २००८ पर्यंत चालला. खेड्याचा तोटा एकीकडून भरून द्यायचा आणि शहरातली तारही बंद ठेवायची, यात ग्राहकाचं दुहेरी नुकसान झालं. २००४ मध्ये ते तांबं जिवंत होतं. तेव्हा भाड्याला दिलं असतं तर त्याच्या देखभालीला पैसाही आला असता. ही संधी घालवली, असं माझं ठाम मत आहे.

मग स्पर्धा तारेला वळसा घालून हवेतून आली. जानेवारी २००१ मध्ये लँडलाइनच्या परवान्यावर वायरलेस लोकल लूपला, म्हणजे घरापर्यंतच्या तारेऐवजी रेडिओ वापरायला मुभा मिळाली, पण फिरण्याची हद्द एसडीसीएपुरती, म्हणजे ढोबळ मानानं तालुक्याएवढी. मोबाइल कंपन्या त्याविरुद्ध भांडत राहिल्या, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये लँडलाइन आणि मोबाइलचा एकत्रित परवाना आला तेव्हा ती हद्दही निघाली. लँडलाइनसाठी दिलेले परवाने मोबाइलच्या कामी आले.

तार स्वतःची असो की हवेतली, दुसऱ्या कंपनीची गरज तिथे संपत नाही. तिच्या दहा ग्राहकांना पहिल्या कंपनीच्या लाखभर ग्राहकांशी बोलता आलं पाहिजे. हे दोन जाळ्यांच्या जोडावर घडतं. त्याला पीओआय म्हणतात. नवी कंपनी सर्वांत जास्त इथेच भरडली जाते, आणि ग्राहकाला कारण कळत नाही, म्हणून हा हिशोब जरा सावकाश मांडतो.

जुन्या पद्धतीच्या जोडावर एक ई-१ म्हणजे ३० बोलण्याच्या वाटा. गर्दीच्या तासात सरासरी १९ वाटा भरतील एवढे फोन आले, तर २०० पैकी एखादाच फोन वाट न मिळाल्यानं परत फिरतो. ट्रायची मर्यादाही हीच आहे: ०.५ टक्के. आता तीच मागणी २५ वर गेली. वाटा ३० च आहेत, म्हणजे पुरतील असं वाटतं. पण फोन रांगेत उभे राहून येत नाहीत, झुंडीनं येतात. २५ च्या मागणीला ५ टक्क्यांहून जास्त, म्हणजे १९ मागे एक फोन पडतो. मागणी ३० झाली की १३ टक्के, आठात एक. ग्राहक पुन्हा डायल करतो, त्यामुळे मागणी आणखी वाढते. तो मनाशी म्हणतो, ही नवी कंपनीच बेकार. आणखी एक गोष्ट: एकाऐवजी दोन ई-१ दिले की ०.५ टक्क्याच्या मर्यादेत मावणारी मागणी ३८ होत नाही, जवळजवळ ४५ होते. मोठ्या कंपनीला याचा फायदा आपोआप मिळतो. छोटीला पाच शहरांत एकेक ई-१ घेऊन बसावं लागतं. म्हणून जोड मिळायला महिनाभर उशीर होणं म्हणजे फक्त महिन्याचं नुकसान नाही, त्या महिन्यात नाव खराब होतं ते वेगळंच.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाली तेव्हा हेच देशभर दिसलं. ऑक्टोबरात ट्रायनं एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियावर मिळून ३,०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली. त्या कंपन्यांचं म्हणणं होतं की एकदम एवढी मागणी येईल याची आगाऊ सूचना हवी होती आणि फुकट फोनांचा लोंढा त्यांच्यावर ढकलला गेला. त्यातही तथ्य होतं, कारण येणारा फोन उतरवून घ्यायचे तेव्हा मिनिटाला १४ पैसेच मिळत. तो दर ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. २०१८ च्या नियमांनी जोडणीचा करार मागणीपासून ३० दिवसांत करणं बंधनकारक केलं. हा नियम वीस वर्षं आधी हवा होता.

नंबराचं थोडक्यात सांगतो. मोबाइलला जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. लँडलाइनला ती सोय आजही नाही. लँडलाइन नंबराचा पहिला आकडाच कंपनी सांगत आला: २ म्हणजे बीएसएनएल-एमटीएनएल, ३ रिलायन्स, ४ एअरटेल, ६ टाटा. दवाखान्याच्या पाटीवर, औषधाच्या दुकानाच्या पिशवीवर, लग्नपत्रिकेवर छापलेला नंबर सोडून कोण जाणार? तांब्याच्या पेअरइतकीच ही बेडी घट्ट होती.

फायबर आल्यावर चित्र पालटलं. ऑगस्ट २०२२ मध्ये तारेवरच्या जोडण्यांत जिओनं बीएसएनएलला मागे टाकलं. पण शेवटच्या टप्प्याचं भांडण आता सोसायटीच्या शाफ्टमध्ये, म्हणजे केबली वर नेणाऱ्या उभ्या पोकळीत आलं आहे. बिल्डरनं किंवा कमिटीनं एकाच कंपनीला आत घेतलं की बाकीच्यांसाठी ती इमारत बंद. ट्रायनं जानेवारी २०१७ मध्ये इमारतीतल्या प्रवेशाबद्दल भेदभाव नको म्हणून शिफारशी केल्या, २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही मार्गाधिकार, म्हणजे तार टाकायला जागा वापरण्याचा हक्क, शक्यतो कुणा एकाच्या मक्त्याचा नसावा असं आहे. प्रत्यक्षात निर्णय सोसायटीच्या सभेत होतो. तेव्हा ठरावात या गोष्टी असू द्याव्यात: शाफ्टमधला पाइप सोसायटीच्या मालकीचा राहील, कंपनीच्या नाही, त्यात निदान तीन केबलींची जागा राखून ठेवली जाईल, कुठल्याही करारात ‘फक्त आम्हीच’ असं कलम नसेल, आणि कंपनी गेली तर तिनं आपली केबल एका महिन्यात काढून न्यायची. हे शेवटचं कलम हमखास विसरलं जातं, आणि मेलेल्या केबलींनी भरलेल्या पाइपात तिसऱ्या कंपनीला हात घालायला जागा उरत नाही.

घरात जोडणी घेताना तंत्रज्ञ असतानाच मोडेमवर येणारा प्रकाश मोजून घ्यावा. डीबीएम या प्रकाशाच्या ताकदीच्या मापात तो उणे १५ ते उणे २५ मध्ये असेल तर ठीक. उणे २७ च्या आसपास असेल तर आज चालेल आणि पहिल्या धक्क्याला लाल दिवा लागेल. एका फायबरचे ३२ वाटे करणारा स्प्लिटरच १७ डीबी खातो, त्यामुळे पुढे उधळायला फारसं काही उरत नाही. दाराच्या चौकटीत काटकोनात दाबलेली केबल, कनेक्टरच्या टोकाची धूळ आणि हिरव्या कनेक्टरला जोडलेला निळा कनेक्टर, ही तीन कारणं आधी तपासायची. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात पण टोकं नीट भिडत नाहीत. आणि लँडलाइनचा फोन आता मोडेमच्या मागच्या खाचेत जातो, एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टवर नाही. घरात वयस्कर माणूस असेल तर मोडेमला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा, आणि लावल्यावर मेन स्विच बंद करून एक फोन करून बघावा.