लाल गोळीची वेळ

सकाळी साडेसातला गॅसवर चहा उकळतोय, ओट्यावर लाल गोळ्यांची पट्टी पडलीय आणि आतून कुणीतरी विचारतं, "गोळी घेतलीस का गं?" ती, घरातली गरोदर बाई, घेते. चहाच्या घोटाबरोबरच. विचारणाऱ्याचं समाधान होतं, पण गोळीतलं बरंचसं लोह अंगी लागतच नाही. चहातली टॅनिनं त्याला आतड्यातच धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. महिनाभराने हिमोग्लोबिन तपासलं की आकडा तिथल्या तिथे, आणि घरात एकमत होतं: "हिला गोळ्या मानवत नाहीत."

गरोदरपणात काय खावं याच्या याद्या शेजारणीपासून मोबाईलपर्यंत सगळे देतात. कधी खावं, कशाच्या आधी आणि कशानंतर, हे फारसं कुणी सांगत नाही. बिघडतं ते बहुतेक वेळा तिथेच.

आधी लाल गोळीचंच बोलू. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या या गोळीत ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. कॅल्शियमची गोळी ५०० मिलीग्रॅमची, दिवसातून दोनदा, तीही चौथ्या महिन्यापासूनच. गंमत अशी की कॅल्शियम आणि लोह एकमेकांच्या वाटेत येतात, दोन्ही एकदम घेतली तर लोह मागे पडतं. म्हणून वेळापत्रक असं बसवावं: दुपारी एकला जेवण आणि जेवणाबरोबर कॅल्शियम. साडेतीनला लाल गोळी, अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर किंवा पेरूच्या दोन फोडींबरोबर, कारण क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. चहा पाचला. दुसरं कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती सकाळी उठल्याउठल्या उपाशीपोटी पाण्याबरोबर आणि चहा तासाभराने. तिच्यात आणि लोह-कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर लागतं, ते या वेळापत्रकात आपोआप पडतं. जळजळीसाठी अँटासिड घेत असाल तर तेही लोहापासून दोन तास लांब. नोकरीवर साडेतीनची वेळ जमत नसेल तर रात्री जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना लाल गोळी घ्यावी. मळमळ होणाऱ्यांना हीच वेळ जास्त सोसते.

गोळीने शी काळी होते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट गोळी पोटात जातेय याची ती खूण. बद्धकोष्ठ मात्र खरंच होतं, आणि गोळ्या गुपचूप कचऱ्यात जाण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच. त्यावर आधी पाणी वाढवावं, रोज एक वाटी सालीसकट कडधान्याची उसळ, रात्री भिजवलेल्या आठ-दहा मनुका आणि चालणं. तरीही जमलं नाही तर डॉक्टरांना सांगून गोळीचा प्रकार बदलून घ्यावा. बंद करणं हा उपाय नाही.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गर्भवती त्यात मोडल्या. मधल्या महिन्यांत आकडा थोडा उतरतो, कारण रक्तातलं पाणी पेशींपेक्षा वेगाने वाढतं. आमटीत पाणी वाढवल्यावर ती पातळ दिसते तसं. पण गोळ्या नीट चालू असतील तर कमी असलेलं हिमोग्लोबिन महिन्याला साधारण एक ग्रॅमने वर यायला हवं. येत नसेल तर आधी चहाची वेळ तपासावी. मग जंत: त्यासाठी चौथ्या महिन्यापासून पुढे अल्बेंडाझोलची एक गोळी देतात, पहिल्या तीन महिन्यांत नाही. मग मूळव्याधीतून जाणारं रक्त. शाकाहारी घरात बी-१२ ची कमतरता. आणि विदर्भातलं किंवा नंदुरबारकडचं माहेर असेल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झालीच पाहिजे. थॅलेसेमिया हाही रक्ताचा आनुवंशिक आजार; त्याच्या वाहक बाईला तिचा रिपोर्ट न बघताच वर्षानुवर्षं लोह देत राहतात, असंही होतं.

आता डोहाळे. चिंच-कैरीचे डोहाळे ठीक. पण माती, पाटीवरची पेन्सिल, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात तेव्हा घरात हसण्यावारी नेतात, कुणी तर कौतुकाने भाजकी माती आणूनही देतं. ही हाव पुष्कळदा लोह कमी असल्याची खूण असते आणि मातीतून जंत येतात ते वेगळेच. अशा वेळी हिमोग्लोबिन त्याच आठवड्यात बघावं.

गूळ-शेंगदाणे चांगलेच, पण गुळाच्या खड्याने हिमोग्लोबिन वर येत नाही. पालकात लोह आहे, पण त्यातलं फार थोडं अंगी लागतं. नाचणी लोहासाठी म्हणून भरवतात. तिचं खरं मोल कॅल्शियममध्ये, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास. लोहासाठी मोड आलेली मटकी, हरभरा, चवळी, खात असाल तर मटण आणि मासे, आणि ताटात प्रत्येक वेळी लिंबाची फोड. आमटी किंवा टोमॅटोची भाजी लोखंडी कढईत केली तर आंबटपणामुळे थोडं लोह उतरतं. मात्र शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर काळी पडते आणि कुणी खात नाही.

वेळेचा सगळ्यात मोठा घोळ होतो तो दिवस राहण्याच्या आधी. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होते, म्हणजे शेवटच्या पाळीपासून मोजलं तर सहाव्या आठवड्यापर्यंत. पाळी चुकली, आठवडाभर वाट पाहिली, घरी टेस्ट केली, डॉक्टरांकडे गेलो, तोवर सातवा आठवडा उजाडतो. फोलिक ॲसिडचं मुख्य काम, म्हणजे ही नळी नीट बंद व्हायला मदत करणं, तेव्हा हातातून गेलेलं असतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की त्याच दिवसापासून, किमान महिनाभर आधी, रोज ४०० मायक्रोग्रॅम. दुकानात बहुधा ५ मिलीग्रॅमची गोळी पुढे करतात. तो मोठा डोस मधुमेह असलेल्या, फिटची औषधं घेणाऱ्या किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असलेल्या बाईसाठी डॉक्टर ठरवून देतात.

त्याच महिन्यात उरकायची बाकीची कामं: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, रक्तदाब, रक्तगट, सिकलसेल-थॅलेसेमिया. शेवटची तपासणी नवऱ्याचीही, कारण दोघंही वाहक असतील तरच बाळाला आजार होण्याचा धोका. रुबेलाची लस घेतलेली नसेल तर आत्ता, आणि मग महिनाभर थांबायचं. गरोदरपणात ती देत नाहीत. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर बंद करून महिना जाऊ द्यावा. रक्तदाबाच्या आणि फिटच्या काही औषधांनी बाळाला इजा होते, पण फिटची गोळी मनाने थांबवणं त्याहून धोक्याचं. डॉक्टर बदलून देतात. आणि मिसरी. "तंबाखू खाता का?" विचारलं तर बाई "नाही" म्हणते आणि खरंच तसं समजते, कारण मिसरी तिच्या लेखी दात घासायची असते. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने बाळाचं वजन कमी भरतं. विचारताना "मिसरी लावता का?" असंच विचारावं.

पहिल्या तीन महिन्यांतल्या मळमळीला वेळेचाच उतारा आहे. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते. उशाशी डब्यात राजगिऱ्याच्या लाह्या, कुरमुरे किंवा टोस्ट ठेवावा, अंथरुणातून उठण्याआधी चार घास खावेत, पंधरा मिनिटं पडून राहावं आणि मग उठावं. पाणी जेवताना न पिता दोन जेवणांच्या मधे, घोटाघोटाने. फोडणीचा वास सहन होत नसेल तर थंड दहीभात चालतो. पण पाणीसुद्धा टिकत नसेल, आठ तासांत लघवी झाली नसेल किंवा वजन भराभर उतरत असेल तर घरगुती उपाय सोडून दवाखाना गाठावा.

उपवासाचं काय? मंगळवारची संकष्टी घ्या. सकाळी चहा, दुपारी साबुदाण्याची खिचडी, मग रात्री नऊ-साडेनऊला चंद्र दिसल्यावर मोदकांसकट भरपेट जेवण आणि लगेच अंथरूण. दिवसभर पिष्टमय पदार्थ, रात्री जड पोट. गरोदरपणात जठराच्या तोंडाची झडप तशीही सैल पडलेली असते, त्यामुळे आडवं होताच आंबट पाणी घशाशी येतं. उपवास सोडवत नसेल तर दर तीन तासांनी काहीतरी पोटात जाऊ द्या: दूध, ताक, वरीचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, फळ. नैवेद्याचा घास चंद्रोदयाला, पोटभर जेवण आधी. निर्जळी मात्र कुठलीच नको. ग्रहणात गरोदर बाईला तासन्‌तास पाण्याविना एका जागी बसवतात. बाळावर ग्रहणाचा कसलाही परिणाम होत नाही, तहानेचा आणि उपाशीपणाचा आईवर होतो.

"दोन जिवांचं खा" हेही जरा मोजून घ्यावं. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक मध्यम भाकरी, एक वाटी घट्ट वरण आणि एक केळं, बस. वाढतं ते प्रथिनांचं माप: शेवटच्या तीन महिन्यांत रोज २२ ग्रॅम जादा. सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणांच्या रांगेत तुपातले लाडू वाढतात, डाळ नाही. सुरुवातीचं वजन नेमकं असेल तर नऊ महिन्यांत दहा ते बारा किलो वाढ पुरेशी. हळिवाचे लाडू बाळंतपणानंतरसाठी ठेवा.

साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत संपवायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. उपाशी असण्याची गरज नाही. आकडा १४० किंवा वर गेला तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते, त्यामुळे ते पाणी घटाघटा पिऊ नये, सावकाश संपवावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी असते, तेव्हा माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं.

चालण्याचं माप आठवड्याला १५० मिनिटं, पण ती एकदम चालायची नाहीत. तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चाललं तरी दिवसाची तीस होतात, आणि जेवणानंतरची साखरही आटोक्यात राहते. वेग असा की शेजारणीशी बोलता येईल, गाणं म्हणता येणार नाही. मे महिन्यात उन्हं उतरल्यावरच. वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारूनच. उकिडवं बसून फरशी पुसली की नॉर्मल होते, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. जमत असेल तर पुसा, गुडघे कुरकुरत असतील तर मॉप आहे. त्यापेक्षा लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळून पाच सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाजी निवडता निवडता होतं. मात्र लघवी करताना मधेच थांबवून हा सराव करू नये.

अंथरुणातून उठणं ही शिकायची गोष्ट आहे. उताणं असताना सरळ उठून बसलं की पोटाचे स्नायू मधोमध ताणले जातात आणि कंबर धरते. आधी गुडघे दुमडा, एका कुशीला वळा, पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडा आणि वरच्या हाताने गादी दाबत उठा. मिनिटभर बसून मग उभं राहा. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर कुशीवरच झोपावं, कारण उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो. डावी कूस बरी, उजवीही चालते. दोन गुडघ्यांच्या मधे घडी केलेली गोधडी, पोटाखाली पातळ उशी. जाग आल्यावर उताणं सापडलात तर नुसतं वळा, काही बिघडलेलं नसतं. रात्री पोटरीत गोळा आला तर पायाची बोटं नडगीकडे ओढून धरावीत. बोटं खाली ताणली की गोळा आणखी आवळतो.

त्याच कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजता येते. जेवल्यावर दोन तासांत दहा हालचाली जाणवायला हव्यात. कमी वाटल्या तर त्याच दिवशी तपासून घ्यावं, उद्याची वाट पाहू नये. तसंच सतत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, तोंडावर सूज, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं: यात वेळापत्रक बाजूला ठेवायचं आणि १०८ किंवा १०२ ला फोन करायचा.

बाळंतपणानंतर लाल गोळी आणखी १८० दिवस चालू राहते. त्या दिवसांत मोठं भावंड घरभर फिरत असतं, आणि ती गोळी दिसायला अगदी लाल, गुळगुळीत, वरून गोड. मूठभर खाल्ल्या तर दोन-तीन वर्षांच्या पोराच्या जिवावर बेततं. पट्टी ओट्यावर किंवा उशाखाली ठेवू नका. कपाटाच्या वरच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात ठेवा.